लुना माझ्या हातात होती

जबाब, दि. १२ नोव्हेंबर २००३

नाव क्रांती गणपतराव मगदूम, वय १७ वर्षे, धंदा शिक्षण (बारावी) व घरचे दूध घालणे, राहणार उचगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर.

मी पोलीस ठाण्यात आपण होऊन समक्ष हजर राहून सांगते की, मी वरील ठिकाणी माझी आजी अंबूबाई ज्ञानू मगदूम, वय ६६, हिच्याजवळ राहते. मी चार वर्षांची असताना माझे आईवडील वारले. तेव्हापासून आजीनेच मला सांभाळले आहे. आमच्या दोन म्हशी आहेत. आजी धारा काढते आणि मी कॉलेजला जाण्यापूर्वी लुनावरून घरोघरी दूध घालते. माझ्याकडे गाडीचा परवाना नाही.

दि. १० रोजी सकाळी पावणेसातच्या सुमारास मी दुधाचा कॅन घेऊन शिरोलीच्या रस्त्याने जात होते. उशीर झाल्याने गाडी जोरात होती. वळणावर सायकलवरून येणाऱ्या एका इसमास माझी धडक बसली. ते पडले, मीही पडले. ते पाय धरून ओरडत होते. मी गाडी उचलून निघून गेले. मागे वळून पाहिले नाही.

घरी मी फक्त घसरून पडल्याचे सांगितले. आजीने गुडघ्याला हळद लावली व मला धांदरट म्हणाली. मी त्या दिवशी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला गोठ्यात बोलावून विचारले, "म्हशीनं लाथ घातली तरी रडत न्हाईस तू. कालधरनं कशापाय रडतीयास? खरं सांग." मी खरे सांगितले. त्यावर तिने विचारले, "त्यो मानूस जित्ता हाय का?" मी माहीत नाही म्हणाले. तेव्हा तिने माझ्या थोबाडीत मारली. "पडणं, धडकणं चुकीत जातंय. वळून बगितलं न्हाईस, त्ये कशात जातंय गं?" असे ती म्हणाली.

नंतर तिने मला समोर बसवून भाकरी खायला लावली. स्वतः खाल्ली नाही. दुधाची किटली घेऊन ती एकटीच बाहेर पडली.

ती दुपारी परत आली. "जित्ता हाय. मांडी मोडलीया. तू अभ्यासाला बस," एवढेच म्हणाली. संध्याकाळी तिने मला कोणत्या म्हशीला किती पेंड घालायची, जोंधळ्याचे पोते कुठे ठेवले आहे, आजारी पडले तर कुणाला हाक मारायची, हे सर्व समजावून सांगितले. त्यानंतर माझ्या डोक्याला तेल लावून बराच वेळ वेणी घातली. या सगळ्याचे कारण मला त्या वेळी समजले नाही.

आज सकाळी मी आजीस न सांगता सरकारी दवाखान्यात गेले. जखमी इसम जोतीराम हे शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहेत. त्यांच्या पत्नी ललिता मला म्हणाल्या, "धडक देणारी म्हातारी काल येऊन पाया पडून गेली. मग पोलिसातबी जाऊन सांगिटलं म्हनं तिनं." मी माझे नाव सांगितले. जोतीराम म्हणाले, "म्हातारी न्हवती, ठावं हाय मला. वेणी दिसलीती. पर म्हातारीनं पदर पसरला. मलाबी पोरगी हाय. जा घरला." मी घरी गेले नाही. तेथून थेट येथे आले.

माझ्या आजीने काल येथे दिलेली माहिती खरी नाही. तिला सायकलसुद्धा येत नाही. लुनावर मागे बसली तरी ती डोळे मिटून माझ्या खांद्याला धरते.

साहेबांनी आजीला बोलावून घेतले. ती दारातूनच ओरडत आली, "सायेब, काय लिवू नगा! बारीक हाय ती, तिला कळत न्हाई. गाडी माझ्याच हातात हुती!" साहेबांनी तिला आवारात मी लावलेली लुना चालू करून दाखवण्यास सांगितले. ती गाडीवर बसली. दोन्ही हातांनी मूठ धरली आणि माझ्याकडे बघत राहिली. तेथे हजर असलेले कोणी हसले नाही.

मी जाऊन तिला गाडीवरून उतरवले. ती म्हणाली, "बारावी हाय की गं तुझी." मी म्हणाले, "आज्जे, तूच मारलीस न्हवं, वळून बगितलं न्हाई म्हणून? आता बगाय आलीया."

मी वयाने लहान असल्याने मला कोठडीत ठेवणार नाहीत, बालन्याय मंडळापुढे हजर राहावे लागेल, असे साहेबांनी आजीला सांगितले. तिने ते तीन वेळा सांगायला लावले. मग जोतीराम बरे होईपर्यंत दोन्ही वेळचा डबा व दूध आमच्या घरून जाईल आणि तो क्रांतीच नेऊन देईल, असे तिने साहेबांना बजावले. मला ते कबूल आहे.

माझा हा जबाब मी सांगितल्याप्रमाणे लिहिला असून तो आजीच्या समोर मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात काही चुकलेले नाही. मी सहीसाठी पेन घेतले. आजीने पदराने माझे तोंड पुसले आणि म्हणाली, "अक्षर नीट काढ."

सही / – क्रांती गणपतराव मगदूम
समक्ष, पालक म्हणून – अंबूबाई ज्ञानू मगदूम, डाव्या हाताचा अंगठा