गोड पाण्यापर्यंत

मारेन : ते ड्रिल आधी खाली ठेव, बाबा. मग बोलू.

हार्लन : ठेवतो. भोक पाडून झालंय. ला क्रॉसहून दोन तास गाडी हाकत आलीस ती काय माझा आइसबॉक्स बघायला?

मारेन : शेजारच्या बर्निसचा फोन आला. म्हणाली, तुझ्या बापाच्या गॅरेजात माल्टचं पोतं उतरलंय.

हार्लन : तिला दुर्बीण मीच दिली होती. पक्षी बघायला.

मारेन : हसण्यावारी नेऊ नकोस. दारू सोडून चार वर्षं झाली ना?

हार्लन : चार वर्षं, दोन महिने, अकरा दिवस.

मारेन : आणि आता घरातच बिअर करायला बसलास! तेही आपण तळ्यावर न्यायचो त्या आइसबॉक्समध्ये?

हार्लन : तोच बरा. गार आत कोंडतो तसं गरमही कोंडतो. भरडलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, गरम पाण्यात घालायचं, झाकण लावायचं, तासाभरात धान्यातली साखर पाण्यात उतरते. खाली तोटी, आत जाळी. चोथा आत राहतो, पाणी बाहेर. माझं काम तिथं संपलं. नुसतं गोड पाणी आहे गं, नशा नाही त्यात.

मारेन : आणि पुढं?

हार्लन : पुढचं समोरच्या घरातल्या लायलकडे. उकळणार तो, यीस्ट घालून आंबवणार तो, त्याच्या तळघरात. त्या जिन्यावर मी पाऊल ठेवायचं नाही, असं ठरलंय.

मारेन : कुणी ठरवलं?

हार्लन : मीच. दारू सोडलेल्यांच्या गुरुवारच्या मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलंसुद्धा. निम्मे लोक अंगावर आले.

मारेन : बरं केलं त्यांनी.

हार्लन : येरझाऱ्या घालू नकोस. त्या बाकड्यावर बस.

मारेन : नाही बसवत. हे बघ, मी फोनवर सांगणार होते, मग म्हटलं समोर जाऊन सांगावं. थिओनं नि मी ठरवलंय, लग्नात दारू ठेवायची नाही. लेमोनेड, कॉफी, बस.

हार्लन : माहितेय. थिओची आई बोलून गेली.

मारेन : म्हणून लग्नासाठी बिअरचा हा उद्योग?

हार्लन : दीडशे माणसं हातात लेमोनेड घेऊन माझ्याकडे वळून बघणार. हाच तो, ह्याच्यामुळे. तुझ्या पदवीच्या दिवशी मी आलो नाही, मारेन. इथं, या फरशीवर पडलो होतो. तुझा एक दिवस नासवला तेवढा पुरे.

मारेन : पण मला भीती वाटते! तीसुद्धा तूच ठरवणार का, वाटावी की नाही?

हार्लन : वाटू दे. मलाही वाटते. सकाळपासून हा नट तीनदा आवळलाय नि तीनदा सोडलाय. जमत नाही एकट्याला. आतून पान्यानं धर, मी बाहेरून तोटी फिरवतो.

मारेन : चीज कारखान्यात तीस वर्षं पाइप जोडलेस, आणि एक तोटी बसत नाही?

हार्लन : तिथं जोडीला माणूस असायचा. धर.

मारेन : धरलंय. अरे, वॉशर सरकतोय. थांब... हं, आता फिरव.

हार्लन : बस्. ते पातेलं घे, गरम पाणी ओत. जपून.

मारेन : गळतंय. डावीकडून.

हार्लन : अजून थोडं आवळतो. आता?

मारेन : एक थेंब. ...नाही. थांबलं.

(तासाभराने. भिजल्या धान्याचा वास गॅरेजभर. तोटीखाली बादली.)

हार्लन : पहिलं गढूळ येतं, ते परत वरून ओत. सावकाश, चोथा ढवळू नकोस. हं, आता बघ, कसं नितळ येतंय. चाख.

मारेन : तू चाख की. नशा नाही म्हणालास ना?

हार्लन : नको.

मारेन : गोड पाणीच तर आहे, बाबा.

हार्लन : पाण्याचा भरवसा आहे. जिभेचा नाही. तू सांग मला.

मारेन : दाट आहे. ओटच्या लापशीत मध घातल्यासारखं. मागाहून जरा भाजका पाव लागतो.

हार्लन : तुरट?

मारेन : अजिबात नाही. बादली भरत आली.

हार्लन : बादली भरली की लायलकडे तू नेऊन दे. मी इथंच थांबतो.

मारेन : आणि थिओला काय सांगू?

हार्लन : ते तुमचं तुम्ही बघा. नको म्हणालात तर लायल वर्षभर पीत बसेल, त्याची काही तक्रार नाही. हो म्हणालात तर मी कॉफीच्या टेबलामागे उभा राहीन. शेवटचा पाहुणा जाईपर्यंत.

मारेन : टेबलामागे लपायचं नाही. बापलेकीचा नाच असतो. तेव्हा पुढं यायचं.

हार्लन : शुद्धीत मी कधी नाचलोच नाही गं.

मारेन : लग्न जूनमध्ये आहे. शिकू.