इंजेक्शनचा उपयोग होतो का

गंगापूर रोडवर संशोधनाला मदत करणाऱ्या एका ऑफिसात मी थांबलो होतो. शेजारी दिंडोरीकडचे एक आबा आणि पीएचडी करणारी त्यांची नर्स लेक.

“सरिता, तू एकबी पेशंट तपासला नाय, मग संशोधन कसलं?”

“फवारणीच्या विषबाधेवर त्या इंजेक्शनचा उपयोग होतो का, यावर जगभर झालेले अभ्यास मी गोळा केले, आबा. चारशेतून अकरा कामाचे निघाले.”

“मंग हितली मॅडम काय करती?”

“माझी निवड तपासते. अकरांचे आकडे एकत्र मांडते.”

“मंग होतो का उपयोग?”

“नक्की सांगता येत नाही.”

“एवढं करून?”

“हेच उत्तर आलंय. इंजेक्शन दिलेले आणि न दिलेले, जवळपास सारखेच वाचले.”

“पण तुझ्या आईचं इंजेक्शन तर मी पिंपळगावहून आणलं. उशिरा पोचलं.”

“वेळेत पोचलं असतं तरी आई वाचली असती, असं कुणालाच म्हणता येणार नाही.”

“नऊ वर्षं मी म्हणतोय, माझ्यामुळं गेली.”

“माहितीये, आबा.”

“नक्की सांगता येत नाय, असं तुझ्या कागदात लिव्हलंय?”

“लिहिलंय.”

“कुठं? बोट ठेव.”