गोटीची साक्ष

कोर्टाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई आणि त्यांचं घर बांधून देणारे कंत्राटदार बसले होते. पुकारा व्हायचा होता.

"काकू, आत गेलो की तारखांवर तारखा पडतील. इथंच मिटवू."

"मिटवा की. बाथरूमचं पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराकडे येतं. सासूबाई दोनदा घसरल्या. फरशी उखडून उतार नीट करून द्या."

"उतार बरोबर आहे. तुम्हीच पाणी फार ओतता."

"म्हणून तर गोटी आणलीय. तुमचाच गवंडी गोटी सोडून उतार बघायचा ना? आमच्याकडे ही दर वेळी दाराशी जाते."

"गोटी काय, कुठंही पळते. द्या इकडे. ही फरशी सपाट आहे ना? तरी बघा."

"अहो, धरा तिला."

"गेली."

"कुठे?"

"न्यायाधीशसाहेबांच्या दाराखालून आत."

"बरं झालं. आता ते विचारतील, गोटी कुणाची. मग मी पहिल्यापासून सांगते."

"काकू, कोरा कागद आहे का?"

"कोरा कशाला? सोमवारी काम सुरू, असं घरूनच लिहून आणलंय. सही तेवढी करा."