काचेतल्या कॉम्प्युटरला चिठ्ठी

अरे, एका कॉम्प्युटरपायी माझी भर दुकानात लाज गेली. रोह्याच्या पुतणीचा, स्नेहाचा फोन आला, "काका, पेणला गेमिंगचे तयार कॉम्प्युटर मिळतात. माझ्यासाठी एक बघून ठेवता काय?"

मी गणपतीच्या कारखान्यात डोळे आखणारा माणूस. म्हटलं, चांगला नग मला बघताक्षणी कळतो! रामवाडीच्या दुकानात गेलो. काचेत एक लाल-निळा झगमगत होता, रूप कसं प्रसन्न! दुकानदार फोनवर होता, म्हणून बुक झालेल्या मूर्तीला लावतो तशी मीच त्याला माझ्या नावाची चिठ्ठी लावली. एक गिऱ्हाईक जवळ आलं, तर त्याच्यावर खेकसलो, "हात नको लावू, बुक झालाय."

रविवारी स्नेहा मैत्रिणींना घेऊन आली. दुकानदार चाचरत म्हणाला, "काका, हा नुसता शोचा हाय. दिवे लावलेत, आत काय नाय."

मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. स्नेहा मान खाली घालून म्हणाली, "काका, आत काय हाय ते विचारलंत नाय?"

माझे कान तापले. तोंडातून निघून गेलं, "आमचे गणपती आतून पोकळच असतात गो. गिऱ्हाईक फक्त डोळे बघतं."