कडक इस्त्री

माजी विद्यार्थ्यांच्या फाउंडेशनतर्फे शिष्यवृत्तीच्या मुलाखती होत्या. रांगेतली एक मुलगी मैत्रिणीचा कोपरावर फाटलेला स्वेटर मुद्दाम मागून घालून आली होती. पुढच्या बाकावर एका इस्त्रीवाल्याची आणि त्याच्या लेकीची जुंपली होती.

“बाबा, एवढी कडक इस्त्री कशाला केलीत? मदत मागायला आलोय आपण, लग्नाला नाही.”

“अख्ख्या गल्लीचे कपडे मी करतो, आणि माझी लेक चुरगळलेली जाईल?”

“आतल्यांना वाटेल, हिला काय कमी आहे! निदान बाही तरी चुरगळू द्या.”

“हात काढ! गरीब आहोत, गबाळे नाही. फॉर्मात सगळं खरं लिहिलंयस ना? मग कपड्यांना कशाला रडायला लावतेस?”

“बाबा, हळू.”

“बरं, हे पैसे देतं कोण?”

“इथेच शिकून गेलेले लोक.”

“म्हणजे एके काळी याच बाकावर बसलेले. आणि उद्या तू शिकून गेलीस की?”

“मग मीपण देईन.”

“तर मग देणारीसारखी जा की आत!”

शिपायाने हाक मारली. लेक उठली. बापाने तिच्या बाहीवरून एकदा तळहात फिरवला.

मागच्या मुलीने स्वेटर काढला आणि नीट घडी करून पिशवीत ठेवला.