‘आपण’ या नोंदीबाबत

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःहून, जबाब देते की, माझे नाव आणि ओळखपत्राचा तपशील हवालदारांनी वरच्या छापील भागात लिहून घेतला आहे. वय चौसष्ट वर्षे. व्यवसाय, निवृत्त भाषाशिक्षिका. राहणार नदीकडच्या रस्त्याला, बेकरीच्या वरच्या मजल्यावर. सोबत राहणारे कोणी नाही.

शहरात जी माणसे एकटी राहतात त्यांना रोज सकाळी फोन करणारी एक संस्था आहे. तिथे मी स्वयंसेवक म्हणून काम करते. माणूस उठला आहे, बोलतो आहे, एवढे कळले की त्या दिवसाचे काम झाले. फोन उचलला नाही तर थोड्या वेळाने पुन्हा करायचा आणि तरीही उचलला नाही तर संस्थेच्या माणसाने घरी जाऊन पाहायचे. माझ्याकडे सात जण होते. मयत हे त्यांपैकी एक.

मयत पूर्वी लिफ्टदुरुस्तीचे काम करीत. संस्थेत त्यांना सगळे लिफ्टवाले म्हणत. त्यांची पत्नी फार पूर्वी वारली. मूलबाळ नव्हते. मयत एकटे राहत होते. ते चौथ्या मजल्यावर राहत आणि त्यांच्या इमारतीतली लिफ्ट कित्येक वर्षे बंद आहे, यावर सर्वांत जास्त तेच हसत. मी फोन केला की म्हणत, “हजर, बाई. मांडा हजेरी.” मी म्हणायची, “उचलायला उशीर केलात.” त्यावर म्हणत, “चौथा मजला आहे. तुमचा आवाज जिने चढून येणार, वेळ लागणारच.” आमचा परिचय फोनवरचाच. समोरासमोर आम्ही दोनदा भेटलो, दोन्ही वेळा संस्थेच्या वार्षिक सभेत, आणि दोन्ही वेळा आम्हाला काय बोलावे ते सुचले नाही.

संस्थेच्या सगळ्या नोंदी पुठ्ठ्याच्या कार्डांवर होत्या. या वर्षी त्या संगणकातल्या नव्या डेटाबेसमध्ये न्यायचे ठरले. त्याआधी नोंदी साफ कराव्या लागतात. एकाच माणसाची दोन कार्डे असतील तर त्यांचे एक करायचे, बंद पडलेले नंबर काढायचे, वारलेल्यांची कार्डे बाजूला ठेवायची, रिकामे रकाने भरायचे. हे काम मी आणि संगणक कंपनीने पाठवलेले तंत्रज्ञ मिळून करीत होतो. त्यांना संस्थेत जावईबापू हे नाव पडले होते, कारण ते आले की कपाटातला चांगला कप बाहेर निघे आणि कोणी मोठ्याने बोलत नसे. माणूस कामाला चोख आहे. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही, हे स्पष्ट लिहावे.

कार्डावर ‘जवळची व्यक्ती’ असा एक रकाना होता. काही झाल्यास कोणाला कळवायचे, यासाठी तो होता. साफसफाईच्या निमित्ताने हा रकाना मी सगळ्यांचा वाचला. कोणी परदेशातल्या मुलाचा नंबर दिला होता, तो लागत नव्हता. कोणी समोरच्या दुकानदाराचे नाव दिले होते. एका बाईंनी आपल्या दातांच्या डॉक्टरांचे दिले होते. एका गृहस्थांनी ‘बघून कळवतो’ असे लिहिले होते आणि कार्डाला पाच-सहा वर्षे उलटली होती. मयत यांनी त्या रकान्यात ‘आपण’ असे लिहिले होते. पुढेमागे दुसरा शब्द नव्हता.

जावईबापू म्हणाले, “बाई, आपण म्हणजे स्वतःच ना? माणूस स्वतःच स्वतःची जवळची व्यक्ती? हे यंत्र घेत नाही.”

मी म्हणाले, “आपण म्हणजे तुम्हीसुद्धा होतं. ‘आपण बसावं’ म्हणतो ना आपण? आणि हे घ्या, आत्ता मी म्हटलं ते तिसरं. त्यात तुम्ही आलात, मीही आले.”

“एका शब्दाला तीन तोंडं! मग कळायचं कसं कोणतं ते?”

“बोलणाऱ्याकडे बघून.”

“यंत्राला बघता येत नाही, बाई. नाव द्या, नंबर द्या, नाहीतर ‘कोणी नाही’ द्या. चौथं काही तिथे बसत नाही.”

प्रश्न संस्थेच्या अध्यक्षांकडे गेला. अध्यक्ष म्हणाले, “बाई, शाळा सुटली आता. ‘कोणी नाही’ टाका आणि पुढचं कार्ड घ्या.” जावईबापूंनी ते टाकले तेव्हा मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेली होते. तपासून झालेली कार्डे कागद कापायच्या यंत्रात घातली जात. मयत यांचे कार्डही त्यात गेले. म्हणून या शब्दाबद्दल आज माझ्या सांगण्याव्यतिरिक्त पुरावा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या फोनवर मी मयत यांना विचारले, “कार्डावर ‘आपण’ लिहिलंय तुम्ही. आपण म्हणजे कोण?”

“आता हे शाळेतल्या बाईंना मी शिकवू?”

“चेष्टा नको. नोंदीसाठी विचारतेय.”

“आपण म्हणजे आपण. तुम्ही आणि मी. का, फोनवर आणखी कोणी आहे का? असेल तर सांगा, शर्ट चढवतो.”

मी त्यांना संस्थेचा नियम सांगितला. स्वयंसेवकाने सभासदाची जवळची व्यक्ती व्हायचे नाही आणि झाल्यास फोनचे काम सोडायचे, असा तो आहे. त्यावर ते म्हणाले, “मग राहू द्या तसंच. फोन बंद व्हायला नको.” मी “बरं” म्हणाले. चहाचे आधण उकळते आहे असे सांगून त्यांनी फोन ठेवला. हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही.

काल सकाळी त्यांनी फोन उचलला नाही. पुन्हा केला, तेव्हाही उचलला नाही. नियमाप्रमाणे संस्थेच्या माणसाला पाठवायचे असते. मी स्वतः गेले. चौथ्या मजल्यावर पोचल्यावर दाराबाहेर उभी राहून मी आणखी एकदा नंबर लावला. आत फोन वाजत होता. तो इतक्या मोठ्याने वाजतो हे मला माहीत नव्हते. नंतर मी ठाण्याला कळवले. आपल्या माणसांनी कुलूपवाल्याकडून दार उघडून घेतले. आत जे दिसले ते पंचनाम्यात आले आहे, मी ते पुन्हा सांगत नाही. झोपेत हृदय बंद पडले असे डॉक्टरांचे म्हणणे आहे.

ठाण्याने संस्थेकडे माहिती मागितली. संस्थेने नव्या डेटाबेसमधून छापील उतारा पाठवला. त्यात जवळची व्यक्ती, कोणी नाही, असे आले. त्यावरून मयत बेवारस असल्याचे धरून नगरपालिकेमार्फत अंत्यविधी करण्याचे ठरले. आज सकाळी मी शवागारात गेले तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्याने मला हे सांगितले आणि मी सरळ इथे आले.

या शब्दाला माझी हरकत आहे. बेवारस सायकल असते, फलाटावर राहिलेली पिशवी असते. ज्याच्या पहिल्या शब्दावरून त्याला सर्दी आहे की रात्री झोप लागली नाही हे शहरात एका घरात रोज ओळखले जात होते, त्या माणसाला बेवारस म्हणण्याचा अधिकार या ठाण्याला नाही, संस्थेला नाही आणि कोणत्याही यंत्राला तर नाहीच नाही. ‘आम्हाला माहीत नाही’ असे लिहायची लाज वाटते, म्हणून आम्ही ‘कोणी नाही’ असे लिहून मोकळे होतो. त्या रकान्यात माणसाचे नाव मावले नाही, तेव्हा आम्ही रकाना मोठा करायला हवा होता. आम्ही माणूस कापला. हे मी अध्यक्षांसमोर, सभेत, कुठेही सांगायला तयार आहे.

इथे हवालदार म्हणाले, “बाई, हा जबाब आहे, सभा नाही.” मी म्हणाले, “सभेत कोणी लिहून घेत नाही, म्हणून तर इथे आले. लिहा.” त्यांनी लिहिले.

मृतदेहाचा ताबा मिळण्यासाठी अर्जात नाते दाखवावे लागते. हवालदारांनी सद्भावनेने सुचवले, “मानलेली बहीण लिहू या ना. कोण विचारतंय?” मी नकार दिला. मी मयत यांना कधी भाऊ म्हटले नाही आणि त्यांनी मला कधी ताई म्हटले नाही. काय म्हणायचे हे आम्ही ठरवले नव्हते. मेल्यावर त्यांच्या गळ्यात खोटे नाते बांधणार नाही. माझ्या सांगण्यावरून त्या जागी ‘रोज सकाळी बोलणारी’ असे लिहिण्यात आले. हे चालेल का म्हणून हवालदार आत साहेबांकडे विचारायला गेले. साहेबांनी कागद वाचला आणि चालेल म्हणाले.

जबाब चालू असताना साहेबांच्या टेबलावरून अध्यक्षांना फोन लावण्यात आला. अध्यक्ष मला म्हणाले, “बाई, त्या अर्जावर सही केलीत की तुम्ही जवळची व्यक्ती ठरता. नियम ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे. त्याचं शुद्धलेखन मीच तपासलं होतं.”

“मग उरलेल्या सहा जणांचं काय? त्यांना तुमच्या आवाजाची सवय आहे.”

मी म्हणाले, “मलाही आहे.” अध्यक्ष म्हणाले, “उद्यापासून दुसरं कोणी फोन करील त्यांना. यादी पाठवून द्या.” यादी मी इथूनच सांगितली. सहा जणांपैकी कोणाला ऐकू कमी येते, कोण पहिल्यांदा उचलत नाही आणि कोणाला हवापाण्याचे विचारलेले आवडत नाही, तेही सांगितले.

अर्जावर मी सही केली आहे. अंत्यविधीचा खर्च व जबाबदारी माझी. ताबा आज दुपारी मिळेल असे साहेबांनी सांगितले आहे. मला उद्या सकाळी कोणतेही काम नाही, त्यामुळे पुढील चौकशीसाठी केव्हाही बोलावल्यास मी येईन.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश, मोठ्याने वाचून दाखवला. एका ठिकाणी मी तसे सांगितले नसताना ‘मयत एकटे होते’ असे लिहिले गेले होते. ते खोडून तिथे ‘मयत एकटे राहत होते’ असे करून घेतले आणि खाडाखोडीपाशी मी सही केली. बाकी सर्व मजकूर मी सांगितला तसाच आहे.