भिंतीकडे बघून

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक म्हातारे नवरा-बायको नुकतेच डॉक्टरांना भेटून येऊन टेकले होते.

"गंज म्हणाले ना हो ते?"

"गंजासारखं म्हणाले. जन्मभर सिगारेटचा धूर, त्यात वेल्डिंगचा उजेड. त्यानं डोळ्याचा आतला पडदा हळूहळू झिजतो म्हणे."

"मग मोतीबिंदूसारखं ऑपरेशन करून टाकू."

"पडद्याला कसलं ऑपरेशन? लोखंड असतं तर घासून रंग मारला असता मी."

"सिगारेट सोडा म्हणून मी कानीकपाळी ओरडत होते."

"सोडली की."

"आता! बैल गेला आणि झोपा केला."

"उरलंय ते तरी टिकेल, म्हणाले. गोळ्या घ्या, पालेभाजी खा."

"पालेभाजी तुम्ही ताटाबाहेर काढता."

"दिसायची म्हणून काढायचो. आता दिसतेय कुठे?"

"विनोद करा, पण भिंतीकडे बघूनच करा. वर्षभर बघतेय, माझ्याकडे तोंड करून एक वाक्य बोलला नाहीत. तुमच्या भावाला मी घरातून जा म्हणाले, तो राग अजून धरलाय ना?"

"कसला राग? तो गेला ते बरंच झालं."

"मग भिंतीला काय सोनं लागलंय?"

"अगं, समोर बघितलं की मधोमध काळा डाग येतो. तुझं तोंडच त्यात जातं. भिंतीकडे बघितलं की कडेनं तू दिसतेस."



"मग भिंतीकडेच बघा."